‘निरंक’च्या जागी ‘एक’

पालम तालुक्यातल्या आमच्या शाळेत दर शनिवारी तक्रारपेटी उघडायची आणि वहीत ‘निरंक’ लिहायचं, म्हणजे तक्रार नाही. किल्ली माझ्याकडे. तीन वर्षं मी तो शब्द वळणदार अक्षरात लिहीत आले. मुलांच्या सुरक्षिततेसाठी झटणाऱ्या शाळांचा जिल्ह्यात गौरव होणार होता आणि आमचं नाव पुढं होतं.

त्यासाठी जिल्ह्याचं पथक पाहणीला येणार, त्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, “पेटी आधीच बघून घ्या बाई. पाहुण्यांपुढं फजिती नको.”

आत चिठ्ठी होती. ‘आई-बाप ऊसतोडीला गेलेत. चुलता आतून कडी लावतो. मला भ्या वाटतं. घरी जायचं न्हाई.’ अक्षर सातवीतल्या मुलीचं. तिच्या वह्या मीच तपासते.

सरांचा चेहरा उतरला. “आज निरंक लिहा. उद्या आपण दोघं तिच्या घरी जाऊन चुलत्याशी बोलू.”

“अन् आज पाच वाजता ती कुठं जाईल, सर?”

माझ्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. परभणीच्या कॉलेजचा फॉर्म याच सरांनी भरला होता, बापाला समजवायला तीनदा घरी आले होते. त्यांचा शब्द मी कधी मोडला नव्हता. बाहेर जीप थांबली. मी ‘एक’ लिहिलं.

पथकातल्या बाईंचं बोट त्या ओळीवर थांबलं. मी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली.

“कुणाला माहीत आहे?”

“आम्हा दोघांनाच.”

“चुलत्याला कळता कामा नये. तो आधी पोरीचं तोंड बंद करील.”

आम्ही उद्या त्याच्याच दारात जाणार होतो. सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाईंनी बाजूला जाऊन पोलिसांना फोन लावला.

पाचच्या घंटेआधीच चुलता मोटारसायकल घेऊन फाटकाशी हजर. “गुर्जी, पोरीला सोडा की. मला लय घाई हाय.”

सर स्वतः फाटकाकडे गेले. “पाहुणे आलेत. जादा तास हाय.”

“किती वेळ?”

“मी सोडीन तवर.”

त्यांनी फाटकाची कडी हातात धरून ठेवली. वर्गात ती मुलगी माझ्याजवळ दप्तर पोटाशी धरून बसली होती. परभणीहून साध्या कपड्यातल्या महिला पोलीस येईपर्यंत सर जागचे हलले नाहीत.

त्या संध्याकाळी ती चुलत्याकडे नाही, त्या पोलिसांसोबत गेली. निरोप मिळाल्यावर तिची आई तोडीवरून परत आली.

गौरव दुसऱ्या शाळेचा झाला. शनिवारी सरांनी वही मागितली आणि ‘एक’समोर रिकाम्या राहिलेल्या जागी आपली सही केली.