दाजींचे दोन रकाने

आमच्या रक्तपेढीत सगळे त्यांना दाजी म्हणतात, आणि त्याचं पाप माझं. ते माझ्या ताईचे यजमान. मी इथे तंत्रज्ञ म्हणून लागलो आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर तशी हाक मारली. आता मोठ्या डॉक्टरीणबाईसुद्धा दाजीच म्हणतात.

दाजींचं राज्य म्हणजे मागची गार खोली आणि तिच्यातला सर्व्हर. कुठली पिशवी कुठल्या गटाची, कुठली तपासून झाली, सगळं त्या यंत्राच्या पोटात. एका मंगळवारी बाईंनी त्यांना बोलावलं. "हे क्लाउडवर न्यायचं की इथेच ठेवायचं, ते चारपर्यंत लिहून द्या. फायदे-तोटे दोन्ही." म्हणजे स्वतःच्या नोकरीचा निकाल स्वतःच्याच हाताने लिहायचा. खोली गेली की तिचा राखणदार कशाला हवा? माझं तर डोकंच फिरलं.

दाजी मात्र पट्टी घेऊन दोन रकाने आखत बसले. क्लाउडच्या बाजूला लिहिलं, दरमहा भाडं, तेही कायमचं. इंटरनेट गेलं की पिशवी सापडणार नाही. रुग्णांची माहिती परक्याच्या यंत्रावर. इथल्या बाजूला वीज, एसी, आणि सात वर्षांचं यंत्र बदलायचा खर्च. त्याखाली ठसठशीत अक्षरात: रोजची प्रत आहे. सर्व्हरमधल्या नोंदींची ही प्रत, म्हणजे बॅकअप, हा दाजींचा अभिमान. अकरा वर्षं, रोज जेवण झालं की डिस्क लावायची, हिरवा दिवा लागला की काढून कपाटात ठेवायची आणि वहीत सही करायची. बाईंनी जाता जाता कागदावर नजर टाकली आणि विचारलं, "यातली एखादी उघडून पाहिलीय कधी?"

कधीच पाहिली नव्हती.

बाई गेल्यावर आम्ही दोघांनी जुन्या कॉम्प्युटरवर डिस्क उघडली, तर नोंदी चौदा महिन्यांपूर्वीच थांबलेल्या. तेव्हा सॉफ्टवेअर बदललं होतं, नोंदी नव्या फोल्डरमध्ये जायला लागल्या होत्या, आणि आमची डिस्क इमानेइतबारे जुनंच फोल्डर उतरवून घेत होती. दिवा रोज हिरवाच. त्या क्षणी यंत्र बसलं असतं, तर तपासलेली पिशवी कुठली नि बिनतपासलेली कुठली, हे कुणाच्या बापाला सांगता आलं नसतं.

दाजींनी नवं फोल्डर उतरवायला लावलं. पडद्यावर आलं, पन्नास मिनिटं. बाहेर खिडकीशी ऑपरेशनसाठी रक्त न्यायला माणसं उभी होती आणि पिशव्या याच यंत्राला विचारून दिल्या जात होत्या. पंख्याचा आवाज जरा बदलला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो. दाजींचा शर्ट त्या गार खोलीतही पाठीला चिकटला होता.

साडेतीनला प्रत पूर्ण झाली. या वेळी दाजींनी ती उघडून पाहिली आणि झालेली चूक लिहायला पुन्हा तो कागद पुढे ओढला.

"झालं ना आता नीट?" मी म्हणालो. "मग कागदात कशाला घालताय? ताईचा तरी विचार करा."

"चौदा महिने खोट्या सह्या केल्यात मी."

"खोट्या कशा? तुम्हाला माहीत नव्हतं."

"आता झालंय ना माहीत."

मी त्यांना नाही नाही ते बोललो. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायची हौस आहे तुम्हाला, असंही म्हणालो. त्यांनी मान वर केली नाही. 'रोजची प्रत आहे' हे खोडलं आणि खाली लिहिलं, "प्रत चौदा महिने चुकीची होती. ती उघडून बघणं माझं काम होतं. मी केलं नाही."

बाईंनी कागद दोनदा वाचला. क्लाउडवर जायचं ठरलं. सगळं हलवेपर्यंत दाजी राहतील, म्हणजे सहा महिने. ना कुणी ओरडलं, ना कुणी शाबासकी दिली. मला बाईंचा राग आला, आणि दाजींचा त्याहून जास्त.

संध्याकाळी धीर करून ताईकडे गेलो. तिला कळलं होतं. दाजी आत पडले होते.

"बरं झालं तू होतास तिथे," ती म्हणाली. "हे सांगत होते, तू शेजारी उभा होतास म्हणून लिहायचा धीर झाला."

मला तिच्याकडे बघवेना.