इस्त्री उचलली ती दुपार

तेलंगणातल्या बोथच्या बाजारामागच्या गल्लीत मी वीसेक वर्षांपासून बायकांचे ब्लाउज शिवते. शिवणकाम आलं की कातरण आलंच. आधी मी ते पोत्यात भरून चुलीत घालायची. मालक गेले आणि दुपार घालवता घालवेना, तेव्हा एकदा सहज पोतं उपडं केलं आणि जुन्या लुगड्यावर तुकडे मांडत बसले. लालाशेजारी हिरवा, हिरव्याशेजारी हळदीचा पिवळा. ती पहिली गोधडी मी स्वतःसाठीच शिवली, आणि एवढं सुख मला कुठल्याच ब्लाउजानं दिलं नव्हतं.

मग एका हिवाळ्यात सरकारी दवाखान्यात गेले असताना एका गोंड बाईचं नुकतं जन्मलेलं बाळ नवऱ्याच्या सदऱ्यात गुंडाळलेलं पाहिलं. आमच्याकडची थंडी हाडात शिरते. घरी येऊन त्याच आठवड्यात तीन दुपटी शिवली आणि नर्सबाईकडे नेऊन दिली. तेव्हापासून मोठ्या गोधड्या आमच्या हौसेसाठी आणि दुपटी दवाखान्यासाठी, असं ठरूनच गेलं.

आमच्या म्हणजे तिघींच्या. मी, भाजीपाल्याचा धंदा मुलाच्या हाती देऊन मोकळी झालेली एक म्हातारी मावशी, आणि शेजारच्या घरातली सून. सून पंचविशीची. तिचं माहेर मुधोळचं. टाका असा बारीक की मुंगी चालत गेल्यासारखा. तिचा नवरा मजुरांना शेतावर ने-आण करणारी जीप चालवायचा.

तो तिला मारायचा. हे मला माहीत होतं, कारण आमच्या दोन घरांत भिंत एकच. आधी भांडं पडायचं, मग तिचा आवाज, मग नुसता धप्प धप्प. मी काय करायची ते सांगते: शिलाई मशीन जोरजोरात चालवायची. कापड नसलं तरी चालवायची. मला मालकांनी लग्नानंतर पहिली दोन वर्षं पट्ट्यानं मारलं होतं. तेव्हा भिंतीपलीकडून कोणी आलं नव्हतं. मीही गेले नाही.

दुसऱ्या दिवशी ती यायची. ओठ फुटलेला असायचा, नाहीतर एका डोळ्याखाली काळंनिळं.

"काय झालं?" मावशी विचारायची.

"दार लागलं, मावशी."

"तुह्या घरचं दार रोजच लागून राह्यलं का?"

ती हसायची आणि सुईत दोरा ओवायची. एकदा पांढऱ्या दुपट्यावर तिच्या नाकातून रक्ताचा थेंब पडला. तिनं घाईघाईनं त्यावर निळा तुकडा ठेवून शिवून टाकला. आम्ही दोघींनी पाहिलं आणि आपापला टाका पुढं नेला.

ती दुपार कापूसवेचणीच्या दिवसांतली. पडवीत पाच दुपटी तयार होऊन पडली होती, सहावं तिच्या मांडीवर होतं. माझी कोळशाची इस्त्री फुललेली, कडा दाबायला ठेवलेली. तो जीप गल्लीच्या तोंडाशी उभी करून आला आणि पडवीच्या पायरीवर थांबला. त्याची नजर तिच्या मांडीवरच्या दुपट्यावर गेली. त्यात चौकडीचे चार तुकडे होते. त्याच्या जुन्या शर्टाचे.

"माहा शर्ट हाय हा," तो म्हणाला. अगदी हळू म्हणाला.

"फाटला होता. काखेत पूर्ण गेला होता," ती म्हणाली.

"माहा शर्ट फाडून लोकाच्या लेकरांले पांघरूण करून राह्यली?"

तिला उठायलाही मिळालं नाही. त्यानं अंबाडा धरला आणि तिचं डोकं माझ्या मशीनच्या लाकडावर आपटलं. एकदा, दोनदा. तो आवाज भिंतीतून ऐकणं वेगळं आणि समोर ऐकणं वेगळं. मावशी ओरडली, "अरे मेल्या, सोड तिले!" त्यानं मावशीला ढकलून दिलं. मग माझी मोठी कात्री उचलली. आधी दुपटी कापली, एकेक करून, दात खात. आम्हाला वाटलं एवढ्यावर भागेल. पण त्यानं पुन्हा तिचे केस ओढले आणि कात्री मुळाशी लावली. केसांबरोबर कातडीही कापली गेली. रक्त कपाळावरून डोळ्यांत उतरलं आणि ती आंधळ्यासारखी हात हलवू लागली.

मी कात्री धरली. उजव्या हातानं, पात्यालाच. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काकू, तुमी मधात पडू नका," म्हणाला आणि कात्री मिटली.

दुखलं नाही. नुसता गरम ओलेपणा जाणवला आणि दोन बोटं माझी राहिली नाहीत असं वाटलं. डाव्या हाताला इस्त्रीची मूठ लागली. मी उचलली आणि हाणली. पहिला तडाखा खांद्यावर बसला, दुसरा गालावर. चर्र झालं आणि जळक्या मांसाचा वास आला. तो गुडघ्यांवर बसला. तिथं मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. पाठीवर मारलं, पुन्हा मारलं. इस्त्रीचं झाकण उघडून निखारे सांडले, चिंध्यांनी पेट घेतला, तरी मी मारतच होते. मनात तो नव्हताच. मनात पट्टा होता, भिंत होती, आणि रिकामी चालवलेली मशीन होती. मला बरं वाटत होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मावशीनं बादलीभर पाणी निखाऱ्यांवर आणि माझ्यावर ओतलं. "बस कर व बाई! मरंल तो!"

दवाखान्यात माझ्या हाताला टाके पडले, पण बोटांच्या नसा काही जुळल्या नाहीत. तिच्या डोक्याला टाके पडले. त्याचा गाल भाजला होता. ठाण्यात महिला पोलिसानं मला तेलुगूत विचारलं, "एंदुकु कोट्टारु?" का मारलं? मी शेजारच्या सुनेकडे बोट केलं. ती खाली मान घालून बसली होती, डोक्याला पांढरी पट्टी.

"यायनं मले काही केलं नाही," ती म्हणाली. "काकूनंच मारलं त्यायले."

माझ्या बांधलेल्या हातातून कळ डोक्यात गेली. मला तिलाही मारावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? गल्लीतल्या चार जाणत्या माणसांनी मध्ये पडून दोन्हीकडची माफी मागवली आणि तडजोड झाली. आम्ही आपापल्या घरी आलो. भिंत तीच.

रक्ताची, अर्धवट जळलेली दुपटी मावशीनं धुऊ का म्हणून विचारलं. अशी दुपटी कोणत्या लेकराला द्यायची? मी ती परसात जाळली.

तीन आठवडे भिंतीपलीकडून काही ऐकू आलं नाही. मग एका सकाळी मी अंगण झाडत असताना ती आली. पदर तोंडावर ओढलेला. पदर बाजूला केला तेव्हा माझ्या हातातला खराटा गळाला. तिच्या डाव्या गालावर उलथण्याचा डाग होता. कातडी सोलून निघालेली, कडेला फोड.

"त्यायनं उलथणं तापवलं," ती म्हणाली. "म्हणे, मले जिथं लागलं तिथंच तुले."

मी तिथंच बसले. ती इस्त्री मी उचलली होती, आणि तिचा चटका फिरून तिला बसला होता.

"काकू, मले मुधोळले सोडून द्या. आत्ता. तो जीप धुऊन राह्यला विहिरीवर."

"ठाण्यात तशी काऊन बोलली होती तू?"

"घरी तर त्याच्यासंगंच जायचं होतं ना मले."

मी घराला कुलूप लावलं. आम्ही दोघी आधार कार्डं घेऊन मुधोळच्या वाटेवरच्या निर्मलच्या बसमध्ये चढलो. बायकांना बस फुकट झाल्यापासून सगळी बस बायकांनीच भरलेली असते. वाटेत नेरडीगोंड्याच्या थांब्यावर त्याची जीप मागून आली आणि बसपुढे आडवी उभी राहिली. तो उतरला, हातात जॅकचा दांडा. आधी दार ठोकलं. ड्रायव्हरनं उघडलं नाही. मग त्यानं आमच्या बाजूची काच फोडली. काचेचा चुरा आमच्या केसांत, मांडीवर, पुढच्या बाईच्या कडेवरच्या लेकरावर पडला. लेकरू किंचाळलं.

त्या बाईनं लेकरू माझ्याकडे दिलं आणि ड्रायव्हरला दार उघडायला लावून खाली उतरली. तिच्यामागून दुसरी, मग दहा-बारा. आम्ही कोण, कुठल्या, कोणाला ठाऊक नव्हतं. चपला, डबे, कोणाच्या हातात छत्री. तो दांडा फिरवत होता, एकीच्या मनगटाला लागला, पण दोघींनी मागून दांडा हिसकला. मग तो दिसेनासाच झाला. नुसते हात वर जाताना आणि खाली येताना दिसत होते. मराठी, तेलुगू, हिंदी, सगळ्या भाषांतल्या शिव्या ऐकू येत होत्या. माझ्या मांडीवर लेकरू होतं म्हणून मी उतरले नाही. नाहीतर उतरले असते.

शेजारी ती खिडकीच्या फुटक्या चौकटीतून बघत होती. रडत नव्हती. पोलीस आले तेव्हा ती स्वतः खाली उतरली, तोंडावरचा पदर काढला आणि गाल पुढे केला.

"यानंच केलं," म्हणाली. "लिहून घ्या. डोस्क्याचंही लिहा. आधी मी खोटं बोलली होती."

आता ती मुधोळला आईजवळ राहते. गालावरचा डाग गेला नाही. तो जामिनावर सुटला, काही महिने बाहेरगावी राहिला, आता पुन्हा शेजारच्या घरात आहे. समोरासमोर आलो की दोघंही बाजूला होतो. त्याच्या गालाकडे माझं लक्ष जातंच.

मी डाव्या हातानं शिवायला शिकले. टाका मोठा आणि वेडावाकडा पडतो. मावशी हसते, मग स्वतःच उसवून नीट करते. मागच्या महिन्यात आम्ही अकरा दुपटी दवाखान्यात दिली. तिचा फोन आला की मी तिला तेवढं सांगते.

परवा ती म्हणाली, "काकू, इथं दुपटी शिवाले पाच बायका जमल्या. पण मोठी कात्री मले हातात धरवत नाही."

"मग छोटीनं काप," मी म्हटलं. "वेळ लागंल. लागू दे."