ड्रॉच्या लेखातल्या दोन ओळी

सत्तरच्या दशकात मी कारंज्याच्या एका साप्ताहिकात नोकरीला होतो. नावाला सहसंपादक, पण बातम्या लिहिणं, प्रुफं तपासणं, सरकारी जाहिरातींसाठी अकोल्याच्या चकरा मारणं, सगळं माझ्याकडेच होतं. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, आम्ही अकोल्याचेच. मालक वकील होते आणि टेनिस खेळत. त्यामुळे कापसाच्या भावाशेजारी दरवर्षी जूनमध्ये विलायतेतल्या गवतावरच्या मोठ्या टेनिस स्पर्धेचा एक लेख असे. एकेरीचा ड्रॉ कसा पडला, कोणाची गाठ कोणाशी, कोण कुठवर जाईल. वाचणारे पाच-पंचवीस असतील. त्यातल्या एका लेखाबद्दल मी खोटं बोललो. ज्याच्याशी बोललो तो माणूस आता नाही.

ते रिसोडकडच्या रिठद गावचे, बौद्ध कुटुंबातले. कारंज्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत कारकून होते. त्याआधी वाशीमला अधिकाऱ्यांच्या क्लबात टेनिसचं कोर्ट सांभाळायचे. मुरुमावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याचे पट्टे आखायचे आणि मग जाळीच्या बाहेर बसून साहेबलोकांचा खेळ बघायचा. तिथेच राहून ते मॅट्रिक झाले. आम्ही एका वयाचे. ते मला ‘तुमी’ म्हणत आणि मी त्यांना ‘तू’. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आज लिहिताना मात्र हात तसा चालत नाही.

आधीची दोन वर्षं तो लेख मीच लिहिला होता. नागपूरचं इंग्रजी वर्तमानपत्र एसटीने यायचं, त्यातलं उतरवायचो. एकदा ते छापखान्यात आले आणि माझा लेख वाचून म्हणाले, “भाऊ, गवतावर चेंडू कसा उठते हे तुमी लिवलंच नाही.”

“तू पाह्यलं का गवत?”

“गवत नाही पाह्यलं. पन मुरुमावर पानी जास्त झालं का काय होते ते पाह्यलं. चेंडू उठतच नाही, सरकत येते. आमचे तहसीलदार साहेब मोठे खेळनारे, पन त्यायले चेंडू छातीवर पायजे. ओल्या कोर्टावर ब्यांकेतला बुटका मानूस त्यायले हरवून जाये. साहेब मंग मलेच शिव्या देत.”

“तू मुद्दाम पाणी मारायचा काय?”

“येखाद्या वेळेस,” ते म्हणाले आणि हसले.

पुढच्या वर्षी लेख त्यांनी लिहावा असं ठरलं. त्यांच्यासाठी त्याला फार मोल होतं. अकोल्याच्या एका दैनिकाला क्रीडा पानासाठी माणूस हवा होता. तिथल्या क्रीडा संपादकांना ते जाऊन भेटले होते. संपादक म्हणाले होते, एखादा छापलेला लेख पाठवा, हात बघू. त्यांच्याकडे छापलेलं काहीच नव्हतं. हा त्यांचा पहिला लेख असणार होता.

ड्रॉ आलेला अंक त्यांनी माझ्याकडून नेला. कापड दुकानातल्या गुंडाळायच्या जाड कागदावर त्यांनी पुरुषांचे एकशे अठ्ठावीस खेळाडू एकाखाली एक मांडले, रेघा जोडल्या. बायकांचा वेगळा कागद केला. चार दिवसांनी लेख आणून दिला. अक्षर मोत्यासारखं.

महिलांच्या ड्रॉबद्दल त्यांनी मानांकनाप्रमाणेच लिहिलं होतं, म्हणून मला ते शहाणपणाचं वाटलं. पुरुषांच्या ड्रॉत मात्र मी अडखळलो. त्यांनी लिहिलं होतं की दुसऱ्या मानांकनाच्या खेळाडूने लाल मातीवर मोठं नाव कमावलं आहे, पण त्याला चेंडू छातीपर्यंत उठलेला लागतो आणि गवतावर तो उठत नाही. दुसऱ्या फेरीत त्याच्यासमोर मानांकन नसलेला एक डावखुरा येण्याचा संभव आहे, आणि तो तिथेच हरेल.

इंग्रजी वर्तमानपत्रात त्याच खेळाडूला अंतिम फेरीत धरलं होतं. आमच्या वकीलसाहेबांचाही तो लाडका. मी प्रुफात त्या ओळींवर काट मारून लिहिलं, “दुसऱ्या मानांकनाच्या खेळाडूला अंतिम फेरीपर्यंत अडथळा दिसत नाही.”

तोवर मजकूर टाइपात जुळवून झाला होता. टाइप जुळवणारे आमचे कंपोझिटर वयाने मोठे होते. ते म्हणाले, “चांगलं लिवलं त्या पोट्ट्यानं. काहून बदलता?”

“हसू होईल त्याचं,” मी म्हणालो.

बरीच वर्षं मी स्वतःलाही हेच कारण सांगितलं. ते खरं नाही. वकीलसाहेबांनी हेच लिहून दिलं असतं तर मी त्यातला स्वल्पविरामही हलवला नसता. रोलर ओढणाऱ्या माणसाला इंग्रजी वर्तमानपत्रापेक्षा जास्त कळत असेल, हे मला पटवूनच घ्यायचं नव्हतं. शिवाय तो लेख माझ्या दोन्ही लेखांपेक्षा चांगला होता. तेही मला दिसलं होतं.

शनिवारी अंक निघाला. त्यांना फॅक्टरीतून सुटी नव्हती. म्हणून अकोल्यासाठी एक प्रत मी छापखान्यातल्या गड्याच्या हाती टपालात टाकावी, असा निरोप त्यांनी आदल्या दिवशीच दिला होता. तशी प्रत अकोल्याला गेली. छापलेला लेख त्यांनी स्वतः वाचला नव्हता, आपलं लिहिलेलं त्यांना पाठच होतं. पुढच्या शुक्रवारच्या इंग्रजी अंकात कोपऱ्यात बातमी होती. दुसऱ्या मानांकनाचा खेळाडू दुसऱ्या फेरीत हरला. हरवणारा तोच डावखुरा.

मी ती बातमी दोनदा वाचली आणि अंक टेबलाच्या खणात ठेवला. पण बातमी गावात पोचलीच. बाजार समितीसमोरच्या हॉटेलात मी चहा घेत होतो तेव्हा ते आत आले. कापसाच्या एका अडत्याने त्यांना हटकलं, “काय टेनिसमास्तर, तुमचा दोन नंबर कुठी गेला? यष्टी चुकली काय त्याची?” सगळे हसले. ते गोंधळून म्हणाले, “मी तर तो हरन म्हणूनच लिवलं.” त्यावर आणखी हसू झालं. कोणीतरी अंक काढून मोठ्याने वाचून दाखवला. ते माझ्याकडे बघत होते. मी बशीतला चहा संपवला.

संध्याकाळी ते छापखान्यात आले. हातात अकोल्याहून आलेलं कार्ड. लेख स्वच्छ आहे, मात्र मानांकनाची यादी पुढे ठेवून कोणीही हे लिहू शकेल, आम्हाला खेळ कळणारा माणूस हवा, असं त्यात होतं.

“भाऊ, हे मी लिवलंच नाही.”

“तू दिलं तसंच लागलं.”

“मंग माहा कागद दाखवा. तो घेऊन मी अकोल्याले जातो.”

“छापून झालं की कागद राहतात का? टाइप पुसायला गेला असेल.”

कागद माझ्या पाठीमागे तारेत टोचलेला होता. हात मागे नेला असता तर लागला असता. ते कंपोझिटरकडे वळले. कंपोझिटर खाली बघून टाइप पेटीत टाकत राहिले. त्यांची नोकरी माझ्या शब्दावर होती. दोघंही गेल्यावर मी कागद काढला, फाडला आणि हॉटेलच्या भट्टीत टाकून आलो. त्यांनी पुन्हा काही लिहून आणलं नाही.

खूप वर्षांनी वाशीमजवळच्या मालेगावच्या स्टँडवर ते भेटले. नोकरीतून निवृत्त होऊन रिठदला राहायला गेले होते. मुलीच्या लग्नाची पत्रिका छापून घ्यायला आले होते. मजकुराचा कागद त्यांनी माझ्यापुढे धरला. “वाचून पाहा बरं. तारीख, गाव बराबर हाये ना?”

“तुझं अक्षर, तुझी मुलगी. मी काय बघू?”

“नाही, पाहा. तवापासून मी आपलं लिवलेलं दुसऱ्याले दाखोल्याबिगर देत नाही. तवा पाहा ना, डोक्यात एक होतं अन् कागदावर भलतंच उतरलं. मलेच मी लिवलेलं समजलं नाही. अर्जसुद्धा साहेबाले वाचाले देत होतो.”

इतकी वर्षं मी समजत होतो की त्यांना माझा संशय असेल. तो असता तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून स्वतःवरचा काढून घेतला होता. मी पत्रिका वाचली. एकही चूक नव्हती. “बरोबर आहे,” म्हणालो. बाकीचं सांगायला तोंड उघडलं आणि “होते असं कधी कधी,” असं बोलून गेलो. रिसोडची गाडी लागली, ते कागदाची नीट घडी करून चढले.

मागच्या वर्षी ते गेल्याचं कळलं. मी रिठदला जाऊन त्यांच्या पत्नीला सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, “त्यायले काहून नाही सांगतलं?”

मी निघायला उठलो. त्या म्हणाल्या, “पोरगी म्हनते, बाबाले सोताच्या लिवन्याचा भरोसा नवता. तिले मी काय सांगू? तुमीच लिवून द्या.”

म्हणून हे लिहून दिलं आहे. त्यांच्या मुलीने वाचावं यासाठी पुन्हा एकदा सांगतो. त्या वर्षीचा ड्रॉ त्यांना नीट कळला होता, आणि जे त्यांच्या डोक्यात होतं तेच त्यांनी कागदावर उतरवलं होतं. ते बदलणारा मी.