पंधरवड्यातलं आमंत्रण

माझा मुलगा निनाद दवाखान्यांतली स्कॅनची यंत्रं दुरुस्त करतो. कंपनी पुण्याची, माणूस मिरजेचा आणि नेमणूक वाराणसीची. तिथे कंपनीचं ऑफिस नाही. निनाद, त्याची हत्यारांची पेटी आणि फोन, एवढीच कंपनी. जौनपूरला यंत्र बंद पडलं की जौनपूर, गाझीपूरला पडलं की गाझीपूर. काम झालं की कुणीतरी सही करतं, चहा विचारतं, आणि हा परत फिरतो. यंत्र नीट चाललं की महिनोन्महिने त्या दवाखान्यात कुणाला त्याची आठवणही होत नाही.

दोन वर्षं तो तिथे आहे. सुरुवातीला फोनवर उत्साहाने सांगायचा. बाहेरून नोकरीसाठी आलेल्या एकट्यादुकट्या मुलामुलींचा एक ग्रुप होता, रविवारी अस्सी घाटाजवळ एका कॅफेत जमायचे. बँकेतले, विमा कंपनीतले, कॉलेजात शिकवणारे. कुशल नावाचा भोपाळचा मुलगा त्याचा चांगला मित्र झाला. दोघं सकाळी कचोरी खायला जायचे, घाटावर पळायला जायचे. मग एकेकाची बदली व्हायला लागली. कुणाचं लग्न झालं. कुशलचंही झालं. लग्नानंतर त्याने एकदा जेवायला बोलावलं, तिथे बाकी सगळी जोडपी. "बायका स्वयंपाकघरात, नवरे गच्चीवर," निनाद म्हणाला, "आणि मी जिन्यात." हसला तो. मीही हसले. त्यानंतर कुशलचा विषय फोनवर कमी होत गेला.

"आई, या गावात मी माणसं जोडली त्यापेक्षा निरोपाचे केक जास्त कापलेत," तो एकदा म्हणाला.

मी म्हटलं, "अरे, एक घर शोध. नुसतं एक. ज्या घरी न विचारता जाता येतं. मग गाव कितीही परकं असलं तरी चालतं."

श्रावणात त्याला डेंग्यू झाला. ज्या दवाखान्याचं यंत्र तो बघतो तिथेच जाऊन पडला. काउंटरवरची मुलगी ओळखीची. "इंजीनियर साहब, आज आप ख़ुद बिगड़ गए?" म्हणाली, आणि मग, "साथ में कौन है?" सोबत कुणी नव्हतं. शेवटी तिथल्या तंत्रज्ञाने सोबत म्हणून आपलं नाव सांगितलं आणि याला बेड मिळाला. मला हे तो खोलीवर परतल्यावर कळलं. मी बॅग भरली.

महमूरगंजात त्याची खोली, स्वयंपाकघर आणि बाहेर एवढासा सज्जा. खाली घरमालक राहतात. मला रिक्षातून उतरताना बघून ते म्हणाले, "अच्छा, माताजी आ गईं! चलिए, अब घर जैसा लगेगा. हम तो भैया से पूछते-पूछते थक गए कि फ़ैमिली कब ला रहे हैं." वर गेले तर एक ताट, एक वाटी, एक पेला, धुऊन पालथे घातलेले. दुसरं ताट मी बाजारातून आणलं.

गणपती आले. मंगला गौरीच्या देवळाच्या बाजूला, पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्ल्यांमध्ये अजून मराठी घरं आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांची. तिथे एका घराच्या चौकात गणपती बसतो, असं मला भाजीवालीकडून कळलं. मी निनादला ढकलूनच नेलं. आरती आपली, "सुखकर्ता"च, पण मधेच माईक मेला. निनाद पुढे झाला, वायर सोडली, जोडली. मग पाचही दिवस सगळी विजेची व्यवस्था त्याच्याकडे आली. संध्याकाळी कामावरून थेट तिकडे जायचा. परत यायचा तेव्हा अंगाला कापराचा वास आणि चेहऱ्यावर रंग.

काशीनाथराव तिथले कर्ते. संस्कृत शाळेतून निवृत्त झालेले, सत्तरीचे, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. विसर्जनाच्या दिवशी त्यांनी निनादला बाजूला घेतलं. मी शेजारीच होते.

"तुम्ही देशस्थच ना? ऋग्वेदी?"

"हो."

"अच्छा. आणि गोत्र?"

"भारद्वाज."

"बहुत बढिया. आमचं कौशिक." ते बायकोकडे वळले. "सुनती हो? भारद्वाज आहेत."

गीताकाकूंनी मान डोलावली, निनादला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्याकडे बघून गोड हसल्या. त्यांच्यामागे त्यांची पुतणी मधुरा प्रसादाची ताटं उचलत होती. एका शाळेत शिकवते, उंच, सावळी, कामसू. मी त्या दोघींकडे बघितलं आणि माझ्या मनाने उडी मारली. कुठल्याही मराठी आईच्या मनाने मारली असती. मुलाचं गोत्र आणि आपलं गोत्र वेगळं आहे हे ऐकून माणसं खूश होतात, ती कशासाठी?

रिक्षात निनाद म्हणाला, "आई, स्थळ बघतायत वाटतं."

"तुझी हरकत आहे?"

"मला कोण विचारतंय? माझं गोत्र पास झालं, मी अजून वेटिंगवर आहे." पण रस्ताभर शीळ वाजवत होता. दोन वर्षांत त्याची शीळ मी ऐकली नव्हती.

पुढच्या आठवड्यात काशीनाथरावांचा फोन आला. निनाद सज्ज्यात जाऊन बोलला. आत आला तेव्हा शर्टाचं बटण चाळवत होता.

"बुधवारी दुपारी जेवायला बोलावलंय."

"आपल्याला?"

"मला." त्याने बटण लावलं. "तू आलीयेस हे लक्षात राहिलं नसेल त्यांच्या."

"पाच दिवस मी तिथे दुर्वा निवडत होते रे."

"अगं, काहीतरी पूजा आहे म्हणे. थोडीच माणसं आहेत."

मी कणीक मळत होते. हात तसेच पिठात राहिले. अनंत चतुर्दशी होऊन गेली होती. पंधरवडा चालू होता. पितृपक्षात कुणी स्थळ बघत नाही, नवं माणूस जोडत नाही, साडीसुद्धा घेत नाही. या दिवसांत एकट्या पुरुषाला, त्याच्या आईला वगळून, दुपारी जेवायला बोलावतात ते एकाच कामासाठी. श्राद्धाला ब्राह्मण लागतो. पितर म्हणून त्याला पानावर बसवायचं. तो आपल्या गोत्राचा नसावा, आपल्याकडचा असावा. पंधरवड्यात काशीतले भटजी यात्रेकरूंच्या मागे, मराठी घरांना माणूस मिळत नाही. लग्न झालेला असावा असं म्हणतात, पण अडलेलं घर तेवढं बघत नाही.

आणि भारद्वाज गोत्र ऐकून ते का खूश झाले होते, तेही मला कळलं.

सांगावं का याला? त्याने कपाटातून निळा कुडता काढला होता. इस्त्री तापत ठेवली होती. कितीतरी दिवसांनी त्याला कुणाच्या तरी घरचं आमंत्रण आलं होतं. मी म्हटलं, "कॉलर उलटी करून कर. चमक जात नाही."

बुधवारी सकाळी त्याने नुसता चहा घेतला. मी पोहे पुढे केले, तर "नको, पोट जड आहे" म्हणाला. खोटं बोलताना तो लहानपणापासून उजव्या कानाला हात लावतो. त्याने लावला. म्हणजे त्यांनी याला सांगितलं होतं, जेवणाआधी काही खाऊ नका.

साडेतीनच्या सुमाराला परत आला. हातात पिशवी, पिशवीत घडी घातलेला कोरा पंचा. वस्त्र म्हणून देतात तो. त्याने पिशवी खुंटीला अडकवली आणि भिंतीला टेकून खाली बसला.

"काय काय होतं?" मी विचारलं.

"वडे. खीर. कढी. अळूची भाजी. आमसुलाची चटणी." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला कळलंच असेल आता."

"मला तुझ्या फोनच्या दिवशीच कळलं."

"मलाही."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "तुला कधी कळलं?"

"काशीनाथराव फोनवर म्हणाले, सोवळं आमच्याकडे आहे, फक्त काही खाऊन येऊ नका. आई, बाबांचं मी करतो की दर वर्षी. न कळायला काय झालं?"

"मग गेलास कशाला? आणि हा निळा कुडता?"

"कुडता वाटेत घालायला."

 मग तो आपणहून बोलायला लागला, हळूहळू, एखादं यंत्र कसं चाललं ते सांगावं तसा.

"मला पाटावर बसवलं. काशीनाथराव खाली बसले आणि त्यांनी माझे पाय धुतले. दोन्ही हातांनी, टाचेपर्यंत. मग पुसले. त्यांचे हात थरथरतात गं. दोन वर्षांत या गावात मला कुणी हात लावला नाही, आई. हात मिळवतात, तेही सही झाल्यावर. डेंग्यूत नर्सने लावला, हातमोजे घालून. मी पाय मागे घेणार होतो, पण घेतले नाहीत."

"आणि?"

"मग पान मांडलं. सगळे उभे. मी जेवायला सुरुवात केल्याशिवाय घरात कुणी काही खाणार नव्हतं. माझ्या जेवणासाठी एक घर थांबलं होतं. ते माझ्यासाठी नव्हतं, मला माहितीये. त्यांच्या वडिलांसाठी होतं. पण जेवत तर मीच होतो ना?"

"मधुरा होती?"

"वाढायला होती. एकदाच बोलली. 'वडा घालू?' म्हणाली. मी मान हलवली."

"बरं."

"एक चूक झाली. निघताना सवयीने तोंडातून गेलं. 'येतो काकू' म्हणालो."

श्राद्धाचं जेवून उठलेला माणूस 'येतो' म्हणत नाही. त्याला कुणी 'या' म्हणत नाही. तो नुसता उठून जातो, पाठमोरा, आणि घरातले दुसरीकडे बघतात.

"काय म्हणाल्या त्या?"

"काही नाही. भिंतीकडे बघितलं. मधुराने दार लावलं."

त्या रात्री शास्त्राप्रमाणे तो जेवला नाही. मी सांगितलं नव्हतं. त्याचं त्यानेच पाळलं, आणि मला ते त्याच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

अमावास्येपर्यंत त्याला आणखी दोन घरांतून बोलावणं आलं. "काशीनाथजींनी नंबर दिला," असं दोघंही म्हणाले. दोन्हीकडे गेला. तिन्ही पंचे दोरीवर वाळत असायचे. घरमालक खालून म्हणाले, "भैया, पंडिताई शुरू कर दी क्या?" निनाद हसला. माझ्याने हसवलं नाही.

नवरात्र बसलं आणि फोन थांबला. अष्टमीला त्या गल्लीत मराठी बायकांनी घागरी फुंकल्या, ते मला मागाहून कळलं.

दसऱ्याला मीच हट्ट धरला. म्हटलं, सोनं द्यायला कुणाच्याही घरी जाता येतं, त्याला आमंत्रण लागत नाही. आपटा मिळाला नाही, शमीची डहाळी मिळाली. संध्याकाळी आम्ही मंगला गौरीला गेलो. काशीनाथरावांकडे चौक भरलेला. लोक वाकत होते, पानं देत होते, कुणी कुणाच्या पाठीत धपाटा घालत होतं. "अरे बाळू, दाढी काय वाढवलीस, साधू होणार का?" असं काशीनाथराव एका पोरसवदा इंजिनियरला म्हणाले, आणि तो त्यांच्या पाया पडला.

मग आमची पाळी आली. निनादने शमीची पानं पुढे केली आणि वाकला. काशीनाथराव झटकन मागे सरले.

"नको, नको. तुम्ही नका. आम्ही तुमचे पाय धुतलेत."

ते अपमान करत नव्हते. उलट त्यांनीच हात जोडले, सत्तर वर्षांच्या माणसाने बत्तीस वर्षांच्या मुलाला. निनाद तसाच अर्धवट वाकलेला राहिला. बाळूला 'अरे' म्हणणारे ते गृहस्थ याला कधीही 'अरे' म्हणणार नव्हते. गीताकाकूंनी माझ्या हातात साखरफुटाणे दिले. "मधुराचं वैशाखातच ठरलंय हं, ग्वाल्हेरचे आहेत," त्या म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं. माझ्या चेहऱ्याने विचारलं असेल.

त्यांच्या शेजारी एक बाई होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "हे कोण?"

"पंधरवड्यात आमच्याकडे बसले होते ना, ते."

बाईंचा चेहरा उजळला. "हां, ते! किती बरं झालं भेटलात. आमच्या सासऱ्यांचं कार्तिकात असतं. अहो, कुणी मिळतच नाही. मागच्या वर्षी दर्भाचा ब्राह्मण मांडून भागवलं. तुम्ही याल का?"

मी निनादचा दंड धरला. जोरात धरला, त्याला दुखलं असेल. मला त्याला तिथून ओढून न्यायचं होतं, थेट मिरजेच्या गाडीत बसवायचं होतं. त्या बाई उत्तराची वाट बघत होत्या. चौकात कुणीतरी मोठ्याने हसत होतं. निनादने माझ्या बोटांवर आपला हात ठेवला आणि ती एकेक करून सोडवली.

"तिथी कळवा," तो त्यांना म्हणाला. "मी सुट्टी घेऊन येईन."