काचेवरचा हात

आमच्या प्रिंटरवाल्या भाऊंची तऱ्हाच न्यारी बाई! घरात आले की आधी वायफायच्या डब्याकडे पाहतात, मग माणसांकडे. कापसानं पाठ फिरवल्यापासून आमच्या बायांच्या गटाची सगळी आस पापडांवर, अन् अकोल्याच्या प्रदर्शनात लेबलाशिवाय पुडा ठेवू देत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं, आणि प्रिंटर ढिम्म!

भाऊ म्हणाले, “काकू, कम्प्युटर शेजाऱ्याच्या वायफायवर बसला अन् प्रिंटर तुमच्या. दोघं बोलतीन कसे?”

“अरे देवा! आपलं बंद होतं तवा मीच त्यांचा पासवर्ड टाकला होता.”

“मंग फोनवर मले काहून झापून राहिल्या होत्या?”

जोडणी झाली. चाचणीला दुसरं कोणी कागद ठेवेल. हे स्कॅनरच्या काचेवर आपला पंजाच ठेवतात.

“अक्षरं आली का लोक चुका काढतात, काकू. हात आला का हासतात.”

प्रिंटर घुरघुरला. पंजा रेघांसकट बाहेर आला, अन् आम्ही बाया पोरींसारख्या ओरडलो! मागून लेबलं सुटली. भाऊ घरी जायचं सोडून ती ओली लेबलं पंख्याखाली पसरत बसले, “हात नोका लावू, हात नोका लावू!” म्हणत. सकाळी आमचे पापड नावासकट अकोल्याच्या गाडीत चढले.