दोर्वालिनाचा जादा तास

पडदा वर जातो तेव्हा अ‍ॅमेझॉनकाठच्या ताबातिंगातल्या एका लाकडी घराचा ओटा दिसतो. दार बंद. ओट्यावर टांगलेल्या कापडी झुल्यात आरलिंदो बसलाय, एका डोळ्यावर पट्टी. आत शिलाई मशीन खडखडतंय. दोर्वालिना रागावली की मशीन असंच पळतं.

आमच्या नाटकमंडळीचे कपडे तीच शिवायची. टाळ्या पडल्या की विंगेतून कुजबुजायची, "कुणी पढवून आणलेत हे प्रेक्षक?" पण राजाचा झगा असा शिवायची की लोक माझ्यापेक्षा झग्यालाच ओळखत.

मी दार वाजवलं. तिनं मला आत घेतलं.

"नवऱ्याची वकिली करायला आलात ना, इजिदोरोराव?"

"घराबाहेर का काढलंत त्याला?"

"मानाउसला डोळा दाखवायला गेला, विमानानं. बाराला निघाला, तीनला पोचला, स्वतःच सांगतो. परत येताना बाराला निघाला नि एकला इथं हजर! बोट जाताना प्रवाहाबरोबर पळते, येताना रखडते. याचं विमान तेवढं उलटं? म्हणजे जाताना वाटेतल्या तेफे गावात उतरला. ती ओदिलिया तिथंच राहते, याची लग्नाआधीची!"

"विमान काय मोटरसायकल आहे, हात केला की थांबायला?" बाहेरून आरलिंदो ओरडला.

"तू गप्प. तुला विचारलं नाही."

मी शाळेतला नकाशा मागून आणला. तिनं दोरा घेतला आणि नदीच्या एकेका वळणावर बसवू लागली.

"अहो दोर्वालिनाबाई, विमान वळणं घेत नाही."

"तुम्ही पाहिलंत?"

कशीबशी तिनं दोरा सरळ ताणला. अंतर भरलं सुमारे अकराशे किलोमीटर. मी हिशेब सांगितला: विमानाचा वेग ताशी साडेसहाशे धरा, चढण्या-उतरण्याचा वेळ मिळवा. दोन तासांच्या आसपास. मानाउसचं घड्याळ आपल्यापुढे तासभर. जाताना तो तास वाढतो, येताना गळतो. बोटीनं जाणारे आम्ही लोक दिवस मोजतो; या तासाकडे कोण बघतो?

तिनं दोरा दातांनी तोडला. "म्हणजे तीन तासही खोटे नि एक तासही खोटा. आणि साक्षीला घड्याळ! मला नाही पटत. पुढच्या वेळी मी जाणार. तुम्हीही चला. तोवर हा बाहेरच झोपेल."

बाराच्या विमानानं आम्ही तिघे गेलो. सगळा वेळ तिनं मनगटावरचं घड्याळ दुसऱ्या हातानं झाकून धरलं होतं, कुणी काटा फिरवू नये म्हणून. मानाउसला उतरल्यावर हात काढला, तर तिच्या घड्याळात दोन. भिंतीवरच्या घड्याळात तीन. तिनं आपलं घड्याळ कानाला लावून पाहिलं. चालू होतं.

"आता तरी आत झोपू ना?" आरलिंदोनं विचारलं.

तिनं कानावरचं मनगट खाली घेतलं.

"झोप. पण खाली तेफे दिसायला लागल्यावर तू खिडकीकडे का सरकलास, ते आधी सांग."