अकरावी सूचना

नलिनी खटावकर चंदीगडला आली ती १९८५च्या जूनमध्ये. नवरा विश्राम केंद्र सरकारच्या नकाशे काढणाऱ्या एका खात्यात ड्राफ्ट्समन, त्याची बदली झाली म्हणून. सोबत सात वर्षांची चित्रा. सेक्टर सत्तावीसमध्ये सरकारी क्वार्टर मिळालं, दुसऱ्या मजल्यावरचं. एका जिन्याला समोरासमोर दोन दारं. समोर प्रीतमसिंग आणि रजवंत कौर राहायचे. प्रीतमसिंग शाळेत हिंदी शिकवायचे. त्यांची जस्सी चित्राच्याच वयाची.

पहिल्या पंधरवड्यातली गोष्ट. नलिनी सेक्टर बावीसच्या बाजाराला निघाली होती. साताऱ्याच्या स्टँडवर वाढलेली बाई. बस दिसली की आधी जागा धरायची, मग बाकीचं. तिने सीटवर पिशवी टाकली आणि ही बस बावीसला जाते ना, हे कंडक्टरला विचारायला पुन्हा खाली उतरली. एवढ्यात आत कुणीतरी ओरडलं, "ये थैला किसका है?" उत्तर येईना. दुसऱ्यांदा ओरडायलाही कुणी थांबलं नाही. माणसं दोन्ही दारांतून धडाधडा बाहेर पडली, एक म्हातारे गृहस्थ पायरीवर आपटले, ड्रायव्हर आपल्या बाजूने उडी मारून पार रस्त्यापलीकडे गेला. महिन्यापूर्वीच ट्रान्झिस्टरमधून बॉम्ब फुटले होते. नलिनीला हे पेपरात वाचून ठाऊक होतं, पण त्याचा आपल्या पिशवीशी काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

ती पिशवी आणायला पुढे झाली तसा कुणीतरी तिचा दंड पकडला. समोरच्या घरातली रजवंत. चांभार कुठे बसतो, हे नलिनीने सकाळी जिन्यात तिलाच विचारलं होतं.

"आपका है?"

नलिनीने मान हलवली.

रजवंत गर्दीकडे वळून मोठ्याने म्हणाली, "हमारी पड़ोसन है जी, नई आई है. चप्पल है थैले में, मरम्मत के लिए!" मग स्वतः बसमध्ये चढली, पिशवी घेऊन आली आणि सगळ्यांसमोर चपलेचा जोड काढून दाखवला. लोक पुटपुटत परत चढले. नलिनीला कुणी शिवी दिली नाही, पण ते म्हातारे गृहस्थ बावीस येईपर्यंत आपटलेला गुडघा चोळत होते, ते ती बघत होती. उतरताना रजवंत म्हणाली, "यहाँ आजकल थैला छोड़ना गाली देने जैसा है, भैणजी."

हे वाक्य नलिनीच्या मनात घर करून बसलं. आपल्या गावात जी हुशारी, ती इथे दुसऱ्याच्या काळजाचा ठोका चुकवते. मग आपण नकळत आणखी काय काय करत असू? ती बघायला लागली आणि एकेक ध्यानात येत गेलं. दाराची कडी नुसती वाजवली की आतली माणसं गप्प होतात. आधी नाव सांगितलं की दार लगेच उघडतं. विश्रामला जेवणानंतर जिन्यात सिगारेट ओढायची सवय होती. शिखांना तंबाखू धर्मानेच वर्ज्य, हे कळल्यावर तिने त्याला खाली मैदानाच्या कोपऱ्यात धाडायला सुरुवात केली. तो कुरकुरला, पण गेला. 'सरदारजींचे बारा वाजले' छापाचे विनोद तिने आपल्या घरात बंद केले. एकदा विश्रामच्या कचेरीतल्या पाहुण्याने तसला विनोद सुरू केला, तर चहाचे कप अर्धे असतानाच हिने उचलले.

दोन वर्षांत ती आणि रजवंत यांचं असं जमलं की दारं दिवसभर उघडी असायची. मुली कुठल्या घरात जेवल्या, हे जेवून झाल्यावर कळायचं. चित्रा घरात मराठी ऐकायची आणि उत्तर पंजाबीत द्यायची. विश्राम म्हणायचा, "ही आता साताऱ्याला गेली की आजीला 'हांजी' म्हणणार." आणि हसायचा.

चंदीगडात बदलीवर आलेल्या मराठी माणसांचं एक छोटंसं मंडळ होतं, सह्याद्री मित्रमंडळ. पस्तीस-चाळीस घरं. नवं कुटुंब आलं की चिटणीस चारुदत्त राजोपाध्ये त्यांना नलिनीकडे पाठवायचे. दूध कुठे, शाळा कुठली, नाक्यावर पोलिसांनी थांबवलं तर स्कूटरवरून आधी उतरायचं की आधी कागद दाखवायचे, सगळं ती सांगायची. १९८७च्या मे महिन्यात चारुदत्त म्हणाले, "ताई, हे सगळं लिहूनच द्या. आपण सायक्लोस्टाइलवर प्रती काढून घरोघरी देऊ."

नलिनीने आयुष्यात पत्रांपलीकडे काही लिहिलं नव्हतं. तीन दुपारी बसून तिने दहा सूचना लिहिल्या. बसमध्ये पिशवी ठेवून जागा धरू नये. दार वाजवताना नाव सांगावं. जिन्यात, बसथांब्यावर धूम्रपान करू नये. कोणाच्या धर्मावर, पगडीवर विनोद करू नये. समोर हसले तरी आत लागतं. कर्फ्यू उठल्यावर दूध घेताना ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे त्यांना पुढे जाऊ द्यावं. अशा दहा. वर एक ओळ लिहिली, 'आपण इथे दुसऱ्यांच्या गावात राहतो, तेव्हा आपल्यामुळे कोणाची झोप उडू नये.'

ती ओळ वाचून विश्राम खूश झाला. मराठी टाइपरायटर शोधूनही मिळाला नाही, तेव्हा तोच म्हणाला, "स्टेन्सिल मी लिहितो. माझं अक्षर कशाला आहे?" त्याचं अक्षर खरंच छापल्यासारखं होतं. नलिनीने दोन कागद त्याच्या हाती दिले आणि दुसऱ्याच आठवड्यात चित्राला घेऊन साताऱ्याला गेली. वडिलांचा पाय मोडला होता. महिना म्हणून गेली, त्याचे अडीच महिने झाले.

ती तिकडे असताना, जुलैत, बसमधून उतरवून माणसं मारल्याच्या बातम्या आल्या. विश्रामच्या कचेरीतल्या एकाचा मेहुणा त्यात गेला. विश्रामने पत्रात लिहिलं होतं, 'तू आहेस तिथेच बरी आहेस. इथे संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर कुत्रंही नसतं.'

ऑगस्टच्या शेवटी ती परत आली. सामान घरात टाकून, हात धुऊन, समोरचं दार वाजवलं. नावही सांगितलं. दार उघडायला वेळ लागला. रजवंत उंबऱ्यातच उभी राहिली.

"पिताजी ठीक हैं?"

"चालायला लागलेत. मतलब, चलने लगे हैं."

"अच्छा हुआ," असं म्हणून तिने हात जोडले आणि दार लावलं. मागे चित्रा जस्सीसाठी आणलेले कंदी पेढे घेऊन उभी होती.

आठ दिवस असेच गेले. नलिनीला वाटलं, घरात काही दुखणं असेल, काळजी असेल. विश्रामला विचारलं तर तो म्हणाला, "दिवसच तसे आहेत. सगळेच आपापल्या घरात असतात." तिला ते पटलंही. मग एका दुपारी तळमजल्यावर नव्याने आलेली वंदना मैदानात आपल्या मुलीला दंडाला धरून जस्सीपासून ओढून नेताना दिसली. नलिनी खाली गेली.

"अगं, खेळू दे की. घरची मुलगी आहे ती."

वंदना गोंधळली. "पण ताई, तुम्हीच तर लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

वंदनाने घरातून कागद आणला. वर नलिनीची ओळ होती. खाली तिच्या दहा सूचना, शब्दाला शब्द. आणि मग अकरावी:

'शीख शेजाऱ्यांशी बोलणं कामापुरतं ठेवावं. मुलांना त्यांच्या घरी पाठवू नये. त्यांच्याकडे बाहेरून कोण येतं-जातं यावर लक्ष ठेवावं आणि संशय आल्यास मंडळाला कळवावं.'

खाली 'सौ. नलिनी खटावकर'.

अक्षर छापल्यासारखं होतं. 'ळ'ला डावीकडे ती बारीकशी गाठ, जी विश्रामच्या हातानेच यायची, 'शेजाऱ्यांशी' मधली वेलांटी नेमकी शेवटच्या अक्षरावर टेकलेली. कुठे घाई नाही, खाडाखोड नाही. बारा वर्षं त्या अक्षरात तिला पत्रं आली होती.

विश्राम घरी आला तेव्हा कागद टेबलावर होता. त्याने बूट काढले, कागद पाहिला आणि बसून राहिला.

"सभेत ठरलं," तो म्हणाला. "त्या बसनंतर सगळे घाबरले होते. चारुदत्तने मजकूर सांगितला. मी फक्त उतरवला."

"माझ्या नावावर?"

"तो म्हणाला, तुझं नाव असलं तर लोक मानतील. तू त्यांच्या समोर राहतेस, तुला माहिती असणार."

"आणि सभेत तुम्हीही हात वर केलात."

त्याने काढलेले बूट खुर्चीखाली सरकवले.

"मला पत्रात का नाही लिहिलंत? दर आठवड्याला पत्र येत होतं."

"नलू, कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस पांढरा पडून बसलेला असतो. त्याच्या बहिणीचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. तू इथे नव्हतीस." त्याने कागद उलटा करून ठेवला. "मला भीती वाटली. समोरच्या दाराचीही वाटली."

भीती तिला कळत होती. तीही त्याच गावात राहत होती. पण त्याच्या बोलण्यात काहीतरी राहून जातंय, असं तिला जाणवलं. तिने विचारलं, "रजवंत माझ्याशी बोलत नाही, ती या कागदामुळे?"

चित्रा पाणी प्यायला आली होती, ती परत आत जाईपर्यंत विश्राम थांबला.

"तिचा भाऊ आला होता जुलैत. तरनतारनकडचा. डोळ्याला काहीतरी झालं होतं, इथल्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनची तारीख मिळाली होती. मला ते ठाऊक नव्हतं. मला दिसला तो तरुण पोरगा, दाढीवाला, गॉगल लावून जिन्यातून वरखाली करणारा. मी चारुदत्तला बोललो, एवढंच. समोर कुणीतरी आलंय म्हणालो. त्याने पुढे कुणाला सांगितलं, मला माहीत नाही."

"मग?"

"साध्या कपड्यातली माणसं येऊन घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी सोडलं."

"आणि ऑपरेशन?"

"तारीख हुकली."

नलिनी उठली. तिला ओरडावंसं वाटलं नाही, रडावंसंही वाटलं नाही. आपण या माणसाला जिन्यातली सिगारेट सोडायला लावली, आणि आपल्याला वाटलं त्याला कळलं. याचीच तिला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती समोरच्या घरी गेली. या वेळी प्रीतमसिंगांनी दार उघडलं. त्यांच्या टेबलावर तोच कागद होता, कुणाकडून तरी त्यांच्यापर्यंत पोचलेला. हिंदीच्या मास्तरांना मराठी वाचायला कितीसा वेळ लागणार! नलिनीने दोघांना उभ्यानेच सांगितलं. अकरावी सूचना माझी नाही. मी इथे नव्हते. आणि मग जे सांगायचं नाही असं रात्रभर ठरवलं होतं तेही सांगितलं: रजवंतच्या भावाची खबर आमच्या घरातून गेली.

प्रीतमसिंग खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. रजवंत ओढणीचं टोक मुठीत धरून बसली होती.

"खबर आपके घर से गई, ये हमें पता था," ती म्हणाली. "सामने तो एक ही दरवाज़ा है." मग म्हणाली, "आपने बता दिया, अच्छा किया. पर भैणजी, अब आपके आगे कुछ भी बोलने से पहले मुझे सोचना पड़ेगा. मैं पहले सोचती नहीं थी."

"और आँख?"

"एक बच गई."

त्या रविवारी मंडळाच्या दसऱ्याच्या तयारीची बैठक होती. नलिनी तिथे उभी राहिली आणि म्हणाली, अकरावी सूचना कापून टाका, नाहीतर माझं नाव कापा. चारुदत्त समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, काळ कसा आहे बघा. कुणाचं वाईट चिंतून नाही केलं. चार घरं सुरक्षित राहावीत म्हणून केलं." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. विश्राम मागच्या रांगेत होता. नलिनीने त्याच्याकडे एकदा पाहिलं. त्याने बोलावं म्हणून थोडी थांबलीसुद्धा. तो सतरंजीकडे बघत राहिला. शेवटी श्रीराम काणे नावाचे एक निवृत्तीला आलेले गृहस्थ उठले, खिशातून आपला कागद काढून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "माझ्या घरातला एवढा एकच होता."

मग ती घरोघरी गेली. तीन आठवडे लागले. कुणी कागद लगेच दिला, कुणी सापडत नाही म्हणालं, एका बाईने दारातूनच सांगितलं, "असू दे हो, उपयोगाचं आहे." वंदनाने स्वतः अकरावी सूचना कात्रीने कापली, पण मुलीला मैदानात काही सोडलं नाही. सोळा कागद हाती आले. बाकीचे कुठे कुठे राहिले असतील, नव्या लोकांनी वाचले असतील, आणि वाचून म्हणाले असतील की या खटावकरबाईंना सगळं माहीत आहे.

खटावकर चंदीगडात आणखी पावणेदोन वर्षं राहिले. नलिनी स्वयंपाक करत होती, विश्रामचे कपडे इस्त्रीला देत होती, सणाला साताऱ्याला पत्र टाकत होती. फक्त नवऱ्याच्या हाती पुन्हा काही लिहिलेलं दिलं नाही. वाण्याची यादीसुद्धा ती तोंडी सांगायची. त्याने दोनदा माफी मागितली. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "माझ्याकडे मागून काय उपयोग? दार समोर आहे." तो गेला नाही.

१९८९च्या मे महिन्यात बदलीचा हुकूम आला, नागपूरचा. ट्रक भरून झाला तेव्हा रजवंत जिन्यात आली. तिने चित्राच्या डोक्यावर हात फिरवला, जस्सी आणि ती गळ्यात पडून रडल्या. रजवंतने प्रवासासाठी पराठे दिले, लोणचं वेगळं बांधलं होतं. नलिनीने पर्समधून पेन काढलं आणि म्हणाली, "क्वार्टर तो कभी छूट जाएगा, अपने गाँव का पता दीजिए ना. मैं लिखूँगी."

रजवंत हसली, अगदी मनापासून, पूर्वीसारखी. म्हणाली, "पता लेकर क्या करेंगे, भैणजी. चिट्ठी कौन-कौन पढ़ेगा, क्या मालूम."

मग तिने स्वतः नलिनीची पर्स खांद्यावर नीट सरकवली, जपून जा म्हणाली आणि ट्रक निघेपर्यंत जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी राहिली. विश्रामने तिला हात जोडले. तिनेही जोडले.